गुरांमागून चालत गेलेली शाळा

नारायणगडाला बीडकडची माणसं धाकटी पंढरी म्हणतात. नगदनारायण महाराजांचं हे ठाणं बीड तालुक्यात आहे. ज्याला पंढरपूर गाठणं जमत नाही, तो आषाढी-कार्तिकीला गडावर येऊन माथा टेकतो. मी तिथला नव्हे. नोकरीनिमित्त गेलेला माणूस. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बँकेनं मला बीड जिल्ह्यात शेतीकर्जाचा अधिकारी म्हणून धाडलं आणि तीन वर्षं मी मोटारसायकलवरून तिथली गावं पालथी घातली. विहिरी, इंजिनं, शेळ्या, थकबाकी हाच दिवसभराचा विषय. त्या तीन वर्षांनी मला पुढं लिहायला पुष्कळ दिलं. पण आज जे सांगणार आहे, ते मी कुठल्याच कादंबरीत घातलं नाही. त्यात माझी बाजू लंगडी आहे, हेच त्याचं खरं कारण.

गडाच्या परिसरातल्या एका वस्तीवर मी वसुलीला गेलो होतो. कर्जदार घरी नव्हता. ओसरीवर त्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसली होती. शिकलेल्या माणसाला एक खोड असते, पोर दिसलं की परीक्षा घ्यायची. मी तिला वाचायला सांगितलं. धडा आगगाडीच्या प्रवासाचा होता. बीड शहरात आगगाडी यायला २०२५ साल उजाडावं लागलं; त्या मुलीनं तेव्हा ती कुठून पाहिलेली असणार? ती दोन शब्दांवर अडली, तिसऱ्यावर थांबली आणि खाली बघत राहिली. मी तिच्या आजीला, मुलीच्या देखतच, सांगून टाकलं की हिला काही वाचता येत नाही, हिच्या शिक्षणाचं कठीण आहे. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला चहा दिला.

त्याच संध्याकाळी मी गडावर गेलो. हरिपाठ चालू होता. आजीशेजारी तीच मुलगी बसलेली, मांडीवर कोपरे दुमडलेली छोटी पोथी आणि तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. मला वाटलं, पाठांतर आहे, बोट उगाच फिरतंय. हरिपाठ संपल्यावर मी पोथी मागून घेतली, मधलंच एक पान काढलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. तिनं त्या अभंगाची सुरुवात पाहिली, पुटपुटत पुटपुटत खाली आली आणि माझ्या बोटाशी थांबून शब्द सांगितला. बरोबर होता. दुसरा शब्द तसाच सांगितला. तिसरा शब्द मात्र तिनं पुटपुटल्याशिवाय सांगितला.

मी गप्प झालो. जे पाठ आहे, जे आवडीचं आहे, जे रोज आजीच्या आवाजात कानावर पडतं, त्याच्या आधारानं ती पोर एकेक अक्षर स्वतःचं करत होती. कुणीही न शिकवता ती वाचायला शिकत होती आणि मी दुपारी तिला नापास करून आलो होतो.

दिवाळी झाली आणि त्या घराला कुलूप लागलं. मुकादमाची उचल घेतलेली होती. नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला गेला आणि धाकट्या भावाला सांभाळायला मुलगीही गेली. माझीही बदली झाली, थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू भागात. तिथं पहिल्याच वर्षी कामानिमित्त कोसबादच्या टेकडीवर जाण्याचा योग आला. ताराबाई मोडकांचं नाव मी ऐकून होतो. बालवाडीच्या संदर्भात सगळेच ऐकून असतात. पण त्यांनी तिथं काढलेल्या कुरणशाळेविषयी कळलं, तेव्हा मला एकदम गडावरची ती पोथी आठवली. तेव्हापासून ताराबाईंविषयी मिळेल ते वाचत आलो. त्यांच्या आयुष्याकडे मी त्या मुलीच्या बाजूनं पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई हे प्रार्थना समाजाच्या वातावरणातलं जोडपं. मुलीनं शिकावं की नाही, हा प्रश्न त्या घरात नव्हता. ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. महाराष्ट्रात पदवीधर स्त्रिया तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न कृष्णराव मोडक या अमरावतीच्या वकिलांशी झालं. वऱ्हाडातलं वकिलाचं घर, प्रतिष्ठा, पैसा, गोतावळा असं सगळं होतं; संसार मात्र टिकला नाही. १९२१च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या त्यातून बाहेर पडल्या. त्या काळात एका सुशिक्षित ब्राह्मण स्त्रीनं असं पाऊल उचलणं म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही.

त्या गेल्या सौराष्ट्रात, राजकोटला. तिथल्या स्त्रियांच्या बार्टन अध्यापक विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, पद मानाचं. एकट्या बाईला आणि तिच्या मुलीला यापेक्षा सुरक्षित जागा कुठली मिळणार? ती जागा त्यांनी दोनएक वर्षांत सोडली आणि १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात कामाला गेल्या. मी आयुष्यभर पेन्शनीची नोकरी केलेला माणूस आहे. अशा निर्णयाचं मोल मला हिशेबानं कळतं.

गिजुभाई हे एक विलक्षण प्रकरण होतं. व्यवसायानं वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं, या काळजीतून त्यांनी मारिया मॉंटेसरी या इटालियन विदुषीचे ग्रंथ वाचायला घेतले आणि वकिली मागे पडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. भरघोस मिशांच्या या गृहस्थाला गुजरातनं मिशीवाली आई असं लाडाचं नाव दिलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही. गोष्ट, गाणं, नाटक, चित्र, बागकाम, फिरणं यांतून शिक्षण.

वाचनाबद्दल त्यांचं म्हणणं काय होतं, हे समजून घ्यायचं तर त्यांचं 'दिवास्वप्न' वाचावं. १९३०च्या दशकातलं हे छोटं पुस्तक मराठीतही आलेलं आहे. एक मास्तर सरकारी शाळेतला चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. वर्ग दंगेखोर. मास्तर पाठ्यपुस्तक उघडतच नाही. गोष्ट सांगायला लागतो. दिवसामागून दिवस गोष्टच. मुलं शांत बसायला लागतात, मग गोष्टीसाठी हट्ट धरायला लागतात. पाठ्यपुस्तकांसाठी मुलांनी जे पैसे खर्च करायचे, त्यांतून तो वर्गाचं वाचनालय उभं करतो. गोष्टींची चटक लागलेली मुलं आपण होऊन पुस्तकांकडे जातात. कहाणी कल्पित आहे. पण मागे बालमंदिरातला रोजचा अनुभव होता. आधी कानाला गोडी, मग डोळ्याला ओळख, मग हातात पुस्तक, असा तो क्रम. गडावर आजीनं नकळत केलं होतं ते हेच.

ताराबाई भावनगरला सुमारे नऊ वर्षं होत्या. त्या आल्या तेव्हा गुजरातीही त्यांची भाषा नव्हती. पण गिजुभाईंच्या उत्साहाला शिस्तीची, लिखापढीची, संघटनेची जी जोड हवी होती, ती ताराबाईंनी दिली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' हे मासिक गुजरातीत चालत होतं. १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीत चालवलं. आईबापांसाठी आणि शिक्षकांसाठी लिहिताना त्या उपदेशाचा सूर फारसा लावत नसत. मूल हट्ट का करतं, खोटं का बोलतं, पुस्तक का फेकतं, याची कारणं त्या मुलाच्या बाजूनं शोधत.

१९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. मध्यमवर्गीय मुंबईकरांनी ते उचलून धरलं. तिथून शिकून निघालेल्या शिक्षिका गावोगावी बालमंदिरं काढू लागल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी ताराबाईंच्या पदरात नाव होतं, संस्था होती, शिष्या होत्या. चरित्र इथंच थांबलं असतं, तरी ते आदर्श म्हणून खपलं असतं.

पण त्यांच्या मनाला एक टोचणी लागून राहिली. मॉंटेसरीबाईंनी १९०७ साली आपलं पहिलं बालगृह काढलं ते रोमच्या सान लोरेंझो भागात, मजुरांच्या गलिच्छ वस्तीत. कामावर गेलेल्या आईबापांची, दिवसभर मोकाट फिरणारी ती मुलं. हिंदुस्थानात येईतो मात्र ही पद्धत सुखवस्तू घरांची झाली. तिचं सुबक लाकडी साहित्य महाग, त्यामुळं शाळाही महाग. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या गांधीजींनी तिथल्या मॉंटेसरी अध्यापक विद्यालयात भाषण केलं, तेव्हा हिंदुस्थानातल्या गरिबांच्या मुलांनाही हे शिक्षण मिळावं अशी इच्छा त्यांनी बाईंसमोरच बोलून दाखवली होती. शिशुविहारात येणारी मुलं शिशुविहार नसतं तरी वाचायला शिकलीच असती. घरात पुस्तकं होती, वर्तमानपत्र होतं, पाढे म्हणून घेणारे आजोबा होते. ज्यांच्या घरात यांतलं काहीच नाही, त्यांचं काय?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला ताराबाई १९४५ साली मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न. समुद्रकाठचं बोर्डी आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथं त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि त्यांना अनुताई वाघ भेटल्या. वयानं अठरा वर्षांनी लहान, बालविधवा, नोकरी करून शिकलेल्या शिक्षिका. ही जोडी पुढं अखेरपर्यंत टिकली. काळ लक्षात घ्यावा. त्याच वर्षी, त्याच टापूत, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. ज्या माणसांना सावकार आणि जमीनदार आपल्या मालकीची समजत, त्यांच्या पोरांसाठी बालवाडी काढायला या दोन बाया निघाल्या होत्या.

बालवाडी काढली आणि मुलं आलीच नाहीत. हा चरित्रातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. सव्वीस वर्षांची तरुण पोर असती, तर निराश होऊन परतली असती. नाहीतर पालकांच्या अज्ञानावर लेख लिहिला असता. ताराबाईंनी दोष शाळेत शोधला. मुलं शाळेत येत नसतील तर शाळेनं मुलांकडे जावं. त्या पाड्यावर गेल्या, अंगणात बसल्या. झाडाखाली, झोपडीसमोर बालवाडी भरू लागली. आधी आंघोळ, केस, नखं; मग गाणी, गोष्टी, खेळ. तिला त्यांनी अंगणवाडी म्हटलं. लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, दगड, बिया, पानं, माती आली. मोजायला, रंग ओळखायला, लहानमोठं लावायला जे लागतं ते सगळं त्या मुलांच्या पायाशीच पडलेलं होतं. फुकट मिळतं हा त्याचा एक गुण. दुसरा, आणि मला जास्त मोलाचा वाटतो तो, म्हणजे ते मुलांच्या ओळखीचं होतं. कुठल्या झाडाची कुठली बी, हे बाईंपेक्षा पोरांना जास्त ठाऊक. शाळेत पाऊल टाकल्याबरोबर ज्याला काहीच येत नाही असं ठरतं, ते मूल इथं पहिल्या दिवसापासून जाणकार असे.

१९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि तिथं आणखी एक गाठ समोर आली. पाच-सात वर्षांचं झालं की वारली मूल कामाचं होतं. मुलगा गुरं राखतो, मुलगी धाकट्याला कडेवर घेते. कितीही गोड शाळा काढा, गुरं कोण राखणार? रुची निर्माण करा असं सांगणाऱ्यांची गाडी अडते ती इथं. मुलाला आवड असते. त्याला सवड नसते.

ताराबाईंचं उत्तर साधं होतं. गुरं जिथं चरतात, तिथं शाळा. हीच कुरणशाळा. शिक्षक गुराख्यांबरोबर कुरणात जाई. गुरं चरत आणि एखाद्या झाडाच्या सावलीत गाणी, गोष्टी, अक्षरं, आकडे चालत. आपल्या कृष्णानंही सवंगडी जमवले ते गुरांमागेच. या देशात गुराख्यांचं कुरण हे शिकण्याचं ठिकाण असू शकतं, हे आपल्याला नवं वाटायला नको होतं. मुलींसाठी वेगळा तोडगा निघाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी नाव दिलं. धाकटा भाऊ पाळणाघरात झोपला की ताई पलीकडच्या वर्गात बसू शकते. मुलीच्या शिक्षणाची सगळी मेख त्या पाळण्यात आहे, हे ज्यानं ओळखलं, त्याला वाचनावर बोलण्याचा अधिकार आहे असं मी समजतो.

या मार्गात अडचणी नव्हत्या असं नाही. कुरणातली शाळा ऋतूवर अवलंबून. शिक्षक तयार करायला वेळ लागतो, कारण पाठ्यपुस्तकाचा आधार काढून घेतला की बरेच शिक्षक उघडे पडतात. आवडीनं शिकवा म्हणजे मुलांना मोकळं सोडा, असाही गैरसमज होई, अजून होतो. ताराबाईंच्या कामात शिस्त भरपूर होती. मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून निघायचं आणि त्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीपर्यंत त्याचं बोट सोडायचं नाही, हे मोकाट सोडण्यापेक्षा फार कष्टाचं काम आहे. बँकेत आम्हाला शिकवत की कर्ज जमीन आणि पीक पाहून द्यावं. जमीन न पाहता वाटलेलं कर्ज बुडतं आणि मग शेतकरी बुडवा ठरतो. न वाचणारी मुलं पुष्कळदा अशीच ढ ठरलेली असतात.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, कोसबादचं काम चालवलं. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि कोसबादच्या टापूतला अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज काश्मीरपासून केरळपर्यंत तो सरकारी कागदांवर आहे. मराठी शब्दाचा एवढा प्रवास क्वचितच झाला असेल. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकांविषयी मला आदर आहे. पण त्यांचा बराच दिवस खिचडी, वजनकाटा आणि नोंदी यांत जातो. गोष्टीला उरतो तो वेळ थोडा.

शब्द असा देशभर गेला. कुरणशाळेमागचा विचार मात्र टेकडीवरून फारसा खाली उतरला नाही. मूल जिथं असेल तिथं शाळेनं जावं, या विचाराची महाराष्ट्रात सर्वांत जास्त गरज असेल तर ती बीड जिल्ह्यात. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर तिथली बिऱ्हाडं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये चढतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. परततात ती उन्हाळ्यात. मूल हजेरीपटावर गावात असतं आणि प्रत्यक्षात फडात. त्यांच्यासाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पुढं गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. काही ठिकाणी चांगल्या शिक्षकांनी जीव ओतून काम केलं. पण पुष्कळ ठिकाणी शाळा गेली ती जुनंच पुस्तक घेऊन. फडातल्या पोराला काय येतं, हे तिला कुणी विचारलं नाही.

त्याला काय येतं? पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या पोराला बैलांची नावं आणि खोडी माहीत असतात. उसाच्या जाती, मोळीचं वजन, खेपांचा हिशेब माहीत असतो. कुठल्या ट्रकच्या पाठीवर काय लिहिलंय, हे तो लांबून सांगतो. अक्षर ओळखण्याआधी तो ट्रक ओळखतो आणि मग ट्रकवरून अक्षर. आजीचा हरिपाठ त्याला पाठ असतो. ताराबाई आज असत्या, तर त्यांनी यातूनच पहिलं पुस्तक काढलं असतं, असं मला वाटतं. दुसरं पुस्तक मग आगगाडीचं चाललं असतं. आगगाडीला माझा विरोध नाही. तिथपर्यंत जायचं ते वस्तीवरून निघून, एवढंच.

नोकरी संपल्यानंतर एकदा कार्तिकी एकादशीला मी पुन्हा नारायणगडावर गेलो. ती मुलगी आता चाळिशीच्या पुढची बाई असेल. तिचं गाव मला आठवतं, घरही आठवतं, पण विचारायला जाण्याचं धाडस झालं नाही. गर्दीत पोथ्या-पुस्तकांचं एक दुकान लागलं होतं. हरिपाठ, अभंगांच्या पुस्तिका, आरत्या, पंचांग. आयांचे पदर धरून आलेली पोरं त्या दुकानापाशी रेंगाळत होती, पुस्तकांना हात लावून बघत होती. दुकानदार त्यांना हाकलत नव्हता, हे पाहून बरं वाटलं. पण त्या मांडणीत लहान मुलासाठी एकही गोष्टीचं पुस्तक नव्हतं. बैलाची, ट्रकची, फडातल्या कुत्र्याची, गडावरच्या माकडाची गोष्ट. मोठ्या अक्षरातली, खिशाला परवडेल अशी. मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला की अशी पुस्तकं मिळत नाहीत, मिळाली तर ठेवीन.

त्या दिवसापासून मी मुलांसाठी लिहायचा प्रयत्न करतो आहे. कादंबरीपेक्षा ते अवघड जातं. दोन गोष्टी झाल्या आहेत. तिसरीत हरिपाठाची पोथी मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी आहे आणि तिची परीक्षा घ्यायला आलेला एक बँकेचा साहेब आहे. गोष्टीत तो नापास होतो.